बेबीताईंच्या वाट्याची फळी

बोटीची वाटणी आईच्या बैठकीच्या खोलीत झाली. एका चहात उरकली.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्यामागे राहिलेली ही एकच वस्तू, जिच्यावरून भांडता येईल. बोट तशी मोठी नव्हे. पुढे सुकाणूचं चाक, मध्ये दोन माणसं कोपराला कोपर लावून बसतील एवढी केबिन आणि मागे इंजिन. वडिलांनी ती हौसेनं घेतली आणि हौसेनंच धक्क्याला बांधून ठेवली. बंदराच्या तोंडाशी एक लाल पिंप तरंगत असतं, त्याच्यापुढे ती कधी गेली नाही. पण वाटणीची वेळ आली की बंद पडलेल्या घड्याळालासुद्धा भाव चढतो. थोरला दादा आणि धाकटा बाळ यांनी या बोटीपायी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बाळची पन्नाशी उलटली होती, टक्कल पडलं होतं, मुलगा लग्नाला आला होता; पण एकदा नाव पडलं ते पडलं.

"पुढची अर्धी दादाची, मागची अर्धी बाळची," आई म्हणाली. "आता माझ्या कानाशी कटकट नको."

म्हणजे चाक एकाकडे गेलं आणि इंजिन दुसऱ्याकडे. मग ती चालवायची कशी, हे कुणी विचारलं नाही, कारण चालवायची कुणालाच नव्हती.

चहाचे कप उचलता उचलता आई थांबली. "आणि बेबीला काय?"

बेबीताई मधल्या. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभं आयुष्य काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. दोघा भावांनी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं. शेवटी दादानं मन मोठं केलं.

"बोटीच्या मागे ती फळी आहे ना, पोहायला उतरायची? ती बेबीला देऊन टाकू."

"हो हो, फळी ताईला," बाळ लगेच म्हणाला. वर्षभरात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. ते एकमेकांकडे बघून हसणारच होते, पण वेळेवर आठवलं.

ही फळी म्हणजे सागवानी पट्ट्या जोडून केलेला, दारापेक्षा थोडा रुंद असा एक पाट. बोटीच्या पाठीला, पाण्यापासून वीतभर उंचीवर, दोन लोखंडी ब्रॅकेटांवर बसवलेला. त्यावरून पोहणाऱ्यांनी उडी मारायची आणि त्यावरूनच वर यायचं. या घरात पोहता कुणालाच येत नव्हतं. त्यामुळे वडिलांच्या काळापासून ती फळी पक्ष्यांनीच वापरली होती आणि वापरल्याच्या खुणा भरपूर ठेवल्या होत्या.

बेबीताई घरी आल्या आणि पर्स टेबलावर आपटली. यजमान शब्दकोडं सोडवत होते.

"काय मिळालं?"

"फळी."

"कसली?"

"शेवाळलेली."

यजमानांनी पेन्सिल कानावर ठेवली. "जाऊ दे गं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

"मी जन्मभर दातच मोजलेत," बेबीताई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच धक्क्यावर गेल्या.

तिथे गेल्यावर त्यांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली ही, की भावांनी केबिनच्या मधोमध निळी चिकटपट्टी ओढली होती. शेगडी दादाकडे, किटली बाळकडे. संडासाचं दार दादाच्या हद्दीत उघडत होतं आणि आत बसणारा बाळच्या हद्दीत बसत होता. त्यावर तोडगा निघेना म्हणून संडासाला कुलूप लागलं होतं. दुसरी गोष्ट, बोट धक्क्याला पाठ लावून बांधलेली होती. म्हणजे बोटीवर चढायचं तर आधी फळीवर पाय ठेवायचा. दुसरी वाट नाही. ही गोष्ट वाटणीच्या वेळी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, आणि बेबीताईंनी ती लगेच बोलून दाखवली नाही.

बोटी दुरुस्त करायच्या यार्डातला मिस्त्री त्यांच्याबरोबर आला होता. हा मितभाषी गृहस्थ. कुठलाही प्रश्न विचारा, तो म्हणायचा, "बघू." फळी मात्र त्यानं बघितली आणि चक्क सविस्तर बोलला.

"टाकून द्या, ताई. प्लास्टिकची नवी बसवू."

बेबीताई धक्क्यावर गुडघे टेकून बसल्या. पर्समधून त्यांनी दवाखान्यातली एक जुनी आकडी काढली, दातातली कीड चाचपतात ती, आणि एकेका पट्टीत टोचून पाहिली. बहुतेक ठिकाणी आकडी अडली. दोन पट्ट्यांमध्ये मात्र ती लोण्यात जावी तशी आत गेली.

"या दोन काढायच्या. मुळापर्यंत गेल्यात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या वाचतील. आमचे डॉक्टरही असेच. जो येईल त्याला 'काढून टाका, नवे बसवू.' मला कधीच पटलं नाही. पण मला विचारतो कोण?"

"बघू," मिस्त्री म्हणाला आणि गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडायला वाकला.

फळी टेम्पोत घालून घरी आली आणि बाल्कनीत दोन स्टुलांवर आडवी झाली. कपडे वाळत घालायची दोरी हलली, कुंड्या जिन्यात गेल्या, यजमानांची आरामखुर्ची स्वयंपाकघरात गेली आणि तिच्यामागोमाग यजमान. बेबीताईंनी दवाखान्यातला हिरवा ॲप्रन चढवला, मास्क लावला, टेबलावरचा दिवा फळीच्या तोंडावर वळवला आणि कामाला लागल्या. आधी शेवाळ. मग जुनं वार्निश. उन्हानं सोललेल्या पाठीसारखं ते पापुद्र्यापापुद्र्यानं निघत होतं. पट्ट्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचा काळा चिकटा बसला होता, तो त्यांनी दातांवरचं कीटण काढायच्या हत्यारानं उकरला, एकेक फट, डावीकडून उजवीकडे, वरची रांग संपल्यावर खालची. मध्येच सवयीनं त्यांच्या तोंडून निघायचं, "झालं हं, थोडंच राहिलंय." आतून यजमान म्हणायचे, "काय झालं?" त्या म्हणायच्या, "तुम्हाला नाही."

दोन कुजक्या पट्ट्यांच्या जागी मिस्त्रीनं एका मोडीत निघालेल्या दाराच्या सागवानातून दोन नव्या कापून दिल्या. मग पॉलिशपेपर. आधी खरखरीत, मग मध्यम, मग हाताला कळेल न कळेल असा. नेहमी लाकडाच्या रेषेनं, कधी आडवा नाही. करड्या, मेलेल्या लाकडाखालून एक दिवस मधाचा रंग वर आला. बेबीताईंनी काम थांबवलं आणि किती तरी वेळ त्या नुसत्या हात फिरवत बसल्या. आतापर्यंत त्यांच्या हातून नीट झालेले दात दुसऱ्यांच्या तोंडात निघून जायचे. ही इथेच होती, समोर.

वार्निश लावायचं नाही, हे त्यांनी पक्कं केलं. वार्निशावर ओला पाय सटकतो आणि उन्हात ते पुन्हा पोपडे धरतं. नुसतं तेल द्यायचं. पातळ हात, लाकडाला पिऊ द्यायचं, राहिलेलं फडक्यानं पुसून घ्यायचं आणि वाळल्यावर पुन्हा.

तेलाचा तिसरा हात चालू असताना दादाचा फोन आला.

"बेबी, अगं फळी कुठाय?"

"माझ्याकडे."

"मग आम्ही बोटीवर चढायचं कुठून?"

"ते मला काय माहीत? बोट तुमची आहे."

फळी काढल्यावर धक्का आणि बोट यांच्यात उडी मारायला जास्त आणि न मारायला कमी असं अंतर उरलं होतं. बाळनं ते आदल्याच दिवशी अजमावून पाहिलं होतं. तो किल्ल्या, मोबाईल आणि नव्या बुटांसकट पाण्यात पडला. गळ्याएवढंच पाणी होतं, त्यामुळे निभावलं. दादा धक्क्यावरच उभा होता. पण बोलणं बंद असल्यामुळे त्याला भावावर हसताही येईना. शेवटी तो शेजारच्या बोटीकडे तोंड करून पोटभर हसला.

फळी परत बसली त्या दिवशी दोघे भाऊ धक्क्यावर वाटच पाहत होते. नवे बोल्ट, साफ केलेले ब्रॅकेट आणि त्यावर उन्हात झळकणारं सागवान. बाकीची बोट तिच्यापुढे एकदम भिकार दिसायला लागली. दादा पुढे झाला तशा बेबीताई आडव्या आल्या. त्यांच्या हातात पायपुसणं, बादली आणि तांब्या होता.

"चपला बाहेर. पाय धुऊन."

"माझ्या बोटीत जायला?"

"तुझ्या बोटीत तू गमबूट घालून नाच. माझ्या फळीवरून अनवाणी जायचं. पायाला वाळू असते, लाकडाला चरे पडतात."

"बेबी, मी तुझा थोरला भाऊ आहे."

"थोरल्या भावाच्या पायालाही वाळू असते."

बाळ खुदकन हसला. मग त्याच्याही पायांवर पाणी पडलं.

तेव्हापासून बेबीताई रोज दुपारनंतर फळीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागल्या. बोटीवर पाऊल टाकायचा त्यांना हक्क नव्हता आणि त्यांनी कधी टाकलंही नाही. खाली पाणी, पुढ्यात बंदर, शेजारी मऊ ब्रश. मनात आलं की फळी धुवायची. खारं पाणी सागवानाला मानवतं, हे त्यांना मिस्त्रीनं न विचारता सांगितलं होतं. भाऊ आपापल्या हिश्श्यात काहीतरी ठोकाठोकी करत असायचे आणि निरोप बेबीताईंमार्फत जायचे.

"ताई, त्याला सांग, त्याच्या बाजूचा दिवा चालू राहिलाय."

दादा तीन हातांवर उभा.

"दादा, तुझा दिवा..."

"ऐकलं. त्याला सांग, मला चालू ठेवायला आवडतो."

पण निरोपातून भांडणाची तहान भागत नाही. भांडायचं तर समोरासमोर उभं राहायला हवं, आणि उभं राहायचं कुठे? दादाच्या हद्दीत बाळ जाईना, बाळच्या हद्दीत दादा नुसता वाटेपुरता जाई, तोही नाक धरून. धक्क्यावर भांडावं तर चार लोक ऐकणार. एके संध्याकाळी दादा घसा खाकरत आला.

"बेबी, मला तुझ्या फळीवर पाच मिनिटं भांडायचंय. चालेल?"

"चालेल. पाय धू."

बाळलाही बोलावणं गेलं. तोही पाय धुऊन आला. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि वर्षभर साचलेलं एकदम बाहेर पडलं. विषय ब्रॅकेटांचा होता. बाळचं म्हणणं, फळी ताईची खरी, पण ज्या ब्रॅकेटांवर ती बसलीय ते मागच्या भागाला जोडलेले, म्हणजे त्याचे. दादाचं म्हणणं, ते ब्रॅकेट वडिलांबरोबर जाऊन त्यानं स्वतः निवडून आणलेले.

"तू आणलेस? तू रिक्षात बसला होतास!"

"बसलो होतो, पण मांडीवर ब्रॅकेट कुणाच्या होते?"

"पाय आपटू नका," बेबीताई म्हणाल्या.

पाच मिनिटांचा तास झाला. जाताना दोघांचे चेहरे उतार पडल्यासारखे हलके दिसत होते. दुसऱ्या दिवशी तीच वेळ धरून दोघे हजर. तिसऱ्या दिवशीही. मग बायका म्हणाल्या, रोज जाता तरी कुठे? त्याही यायला लागल्या, थर्मास आणि बिस्किटं घेऊन. "वन्सं, इथे किती छान वारा लागतो हो," थोरल्या वहिनी म्हणायच्या. धाकटी विणकाम आणायची. नवऱ्यांचा आवाज फारच चढला की दोघी टाके मोजायच्या. बेबीताईंचे यजमान कोडं घेऊन यायचे आणि भांडणातून शब्द उचलायचे. "'कृतघ्न'! बसला बघ, चार अक्षरी नव्हता, पण बसवला."

आठवड्यातून एकदा मात्र फळी मोकळी ठेवावी लागे. त्या दिवशी बेबीताई दोरीला पाटी अडकवायच्या: 'आज तेल लावले आहे. भांडण उद्या.' भाऊ धक्क्यावरूनच पाटी वाचायचे, चुकचुकायचे आणि आपापल्या वाटेनं घरी जायचे.

वरून सगळं सुरळीत चाललं होतं. पण एवढी माणसं रोज मागच्या टोकाला बसली की बोटीचं शेपूट खाली जाणार आणि तोंड वर येणार, याला काही इलाज नाही. दादाच्या ते प्रथम लक्षात आलं. तो एक दिवस हातात पाणसळ घेऊन आला आणि तिच्यातला बुडबुडा त्यानं सगळ्यांना फिरून दाखवला.

"हे बघा. माझा हिस्सा वर गेलाय. चाकापाशी उभा राहिलो की मी मागे घसरतो. माझी शेगडी उद्या बाळच्या हद्दीत जाऊन पडेल."

"पडली की माझी," बाळ म्हणाला.

त्यावर दोन दिवस भांडण पुरलं. बेबीताईंना मात्र जरा धाकधूक वाटली. पाणी फळीच्या पूर्वीपेक्षा जवळ आलं होतं. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, इतकी माणसं चालतील ना? मिस्त्रीनं फळीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. "बघू," तो म्हणाला. त्याला कुणीतरी चहा दिला आणि विषय तिथेच राहिला.

मग एका रविवारी आई आली.

तिनं ऐकलं होतं की मुलं रोज एकत्र बसतात, बोलतात. तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं. टॅक्सीतून उतरली ती घरची लाकडी हातांची खुर्ची घेऊनच, कारण प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचा विश्वास नव्हता. आईचे पाय बेबीताईंनी स्वतः धुतले. मग प्रश्न आला, बोटीवर आधी कुणाकडे जायचं? दादाकडे जायचं तर बाळच्या हिश्श्यातून जावं लागणार, म्हणजे पाय आधी बाळकडे लागणार. आणि बाळकडेच थांबली तर दादानं काय घोडं मारलं होतं?

"मी कुणाकडेच येत नाही," आई म्हणाली. "बेबीकडे बसते."

खुर्ची फळीच्या मधोमध टेकली. आई तशी अंगानं भरलेली. तिच्याभोवती दोन मुलगे, दोन सुना, लेक आणि जावई असे सगळे फळीवर दाटीवाटीनं उभे राहिले. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. बेबीताईंना अभिमानानं भरून आलं.

"चालू द्या की," आई म्हणाली. "मी आले म्हणून थांबू नका."

भावांनी जरा लाजत सुरुवात केली. पण लवकरच रंग चढला. आई खुशीत ऐकत होती आणि मध्ये मध्ये दुरुस्त्याही करत होती. "रिक्षा नव्हती रे, सायकल होती."

यजमानांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाच्या बोटांवरून पाणी चाललं होतं.

"अगं, पाणी वर आलंय."

"येऊ दे," बेबीताई म्हणाल्या. "खारं पाणी चांगलं असतं लाकडाला."

"घोट्यापर्यंत चांगलं असतं का?"

तेवढ्यात बोटीच्या पोटातून आवाज आला, कुणी मोठ्या बाटलीनं घटाघटा प्यावं तसा. इंजिनाचं गरम पाणी बाहेर सोडणारी नळी एरवी पाण्याच्या वर असायची. आज ती खाली गेली होती आणि जे बाहेर जायचं ते आत येत होतं.

"बाळ, तुझ्या हिश्श्यात पाणी शिरतंय," असं दादाला म्हणायचं होतं. पण समोरासमोरचं बोलणं फक्त भांडणापुरतं, असा अलिखित नियम झाला होता. म्हणून तो म्हणाला, "बेबी, त्याला सांग, त्याच्या हिश्श्यात पाणी शिरतंय."

"त्याला सांग, पाण्याला चिकटपट्टी दिसत नाही," बाळ म्हणाला.

तळातलं पाणी उपसायला बोटीवर पंप होता. पंप मागे, इंजिनाशेजारी, म्हणजे बाळचा. त्याचं बटण पुढे, चाकाशेजारी, म्हणजे दादाचं.

"ताई, त्याला सांग ना, बटण दाब म्हणून."

"त्याला सांग, 'दादा, बटण दाब' असं स्वतः म्हण."

"त्याला सांग, आधी त्यानं कबूल करावं, ब्रॅकेट माझे."

"बेबी, हे बघ, हा बुडतोय तरी..."

बेबीताईंच्या आत काहीतरी तटकन तुटलं. जन्मभर एकानं म्हणायचं 'चिमटा दे', दुसऱ्यानं म्हणायचं 'कापूस दे', आणि निवृत्त झाल्यावर हे दोघे. त्यांनी साडी वर खोचली, कठडा ओलांडला आणि बोटीवर पाय ठेवला. ओल्या पायांनी त्या बाळचा हिस्सा तुडवत गेल्या, निळी पट्टी त्यांच्या टाचेला चिकटून फरफटत गेली, आणि चढणीसारख्या झालेल्या जमिनीवरून त्या दादाच्या चाकापाशी पोचल्या.

"विचारलंस का आधी?" दादा मागून ओरडला.

त्यांनी पंपाचं बटण दाबलं. मागे काहीतरी घरघरलं, दोन आचके दिले आणि थांबलं. पाणी पंपापर्यंत पोचलं होतं. बेबीताईंनी दुसरं बटण दाबलं. तो दिवा होता. तिसरं दाबलं आणि बोटीचा भोंगा वाजला.

हा भोंगा इतका मोठा असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बंदरातले सगळे पक्षी एकदम उडाले. लहानपणी वडील बेबीताईंना या बाजूला फिरकू द्यायचे नाहीत. मुलींना चाकापाशी चक्कर येते म्हणायचे. बेबीताईंना चक्कर आली नाही. एक हात चाकावर, एक भोंग्यावर, अशा त्या उभ्या राहिल्या. बोटीचं तोंड हळूहळू आभाळाकडे चाललं होतं आणि समोर नुसतं मोकळं पाणी दिसत होतं. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी आणखी एकदा भोंगा वाजवला. मग आणखी एकदा, जरा लांबवून.

बोट बुडली ती अगदी सभ्यपणे. बेबीताईंना चाक सोडून परत यायला, आईला खुर्चीसकट धक्क्यावर उचलून घ्यायला, विणकाम, थर्मास आणि शब्दकोडं वाचवायला आणि सगळ्यांनी आपापल्या चपला ओळखून घालायला पुरेसा वेळ मिळाला. मागचं टोक चिखलाला टेकलं तशी ती थांबली. पाणी केबिनमध्ये शिरलं आणि जिथे निळी पट्टी होती तिथेच, जराही पुढे न जाता, राहिलं. मागचा हिस्सा पूर्ण पाण्यात, पुढचा पूर्ण कोरडा.

"मी केलेली वाटणी आहे ती," आई म्हणाली.

बाळ धक्क्याच्या कडेला बसला होता. इंजिन गेलं, बिछाना गेला, किटली तरंगत बाहेर आली आणि निघून गेली. धाकटीनं त्याच्या खांद्यावर अर्धा विणलेला स्वेटर टाकला. दादा बराच वेळ आपल्या कोरड्या हिश्श्याकडे बघत येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्यानं बेबीताईंकडे तोंड केलं, "बेबी, त्याला सांग," म्हणाला आणि अडकला. मग सरळ वळला.

"बाळ, माझ्याकडे ये. जागा आहे."

"कुठे?"

"पुढे. चाकापाशी. तिरकं आहे जरा."

भोंगा ऐकून आलेल्या मिस्त्रीनं शिडी टाकली. दोघे भाऊ त्या आभाळाकडे तोंड केलेल्या टोकावर चढले आणि शेजारी शेजारी बसले. सतत मागे घसरायचे, पुन्हा वर सरकायचे. खालून काही ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून विषय ब्रॅकेटांचाच असावा.

बोट पुढे यार्डाच्या क्रेननं वर आली आणि ओंडक्यांवर, कोरड्या जमिनीवर उभी राहिली, ती अजून तिथेच आहे. पाण्यात कधी जाणार, असं विचारलं तर मिस्त्री काय म्हणतो ते सांगायला नको. दोघे भाऊ रोज तिथे जातात. एक घासतो, दुसरा रंग देतो आणि दोघे चुकीचा रंग आणल्याबद्दल एकमेकांना बोलतात, थेट.

फळी बेबीताईंनी बोटीबरोबर जाऊ दिली नाही. चिखलातून काढल्यावर त्यांनी ती आधी गोड्या पाण्यानं धुतली, सावलीत वाळवली, आकडीनं एकेक पट्टी टोचून पाहिली. कुठे मऊ लागलं नाही. मग मिस्त्रीला बरोबर घेऊन त्यांनी ती धक्क्याच्या दगडी पायऱ्यांशी, पाण्याच्या जरा वर, बसवून घेतली. ब्रॅकेट तेच. ते कुणाचे, हा विषय कुणी काढला नाही. थोड्याच दिवसांत बंदरातले पोहणारे तिथे येऊ लागले. काही ओळखीचे, बहुतेक अनोळखी. उडी मारायची, लांबवर जायचं, परत येऊन फळीवर धापा टाकत बसायचं. आईही येते कधी कधी, पाय पाण्यात सोडून बसते आणि पोहणाऱ्यांना कुणाचा हात कुठे चुकतो ते सांगते.

एकदा एक नवी मुलगी पाण्यातून वर आली. केस पिळता पिळता तिनं पट्ट्यांवर हात फिरवला.

"काकू, किती छान आहे हो ही. कुठल्या बोटीची?"

बेबीताई ब्रश घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला.

"ही नव्हती गं बोटीची. एक बोट हिची होती," त्या म्हणाल्या. "जरा उठ बघू तिथून. तू बसलीस ती पट्टी धुवायची राहिलीय."

मुलगी उठली, आणि काय वाटलं कोण जाणे, तिनं दुसरा ब्रश उचलला आणि रेषेच्या आडवा घासायला लागली.

"अगं अगं अगं!" बेबीताई ओरडल्या.